संतांच्या वर्षात पॉली मरे: एका वसईकर वाचकाला उत्तर

नमस्कार. १ जुलैला मी पॉली मरे या अमेरिकेतल्या काळ्या वकील, कवयित्री आणि धर्मगुरू बाईंवर पोस्ट लिहिली होती, चर्चच्या उपासनेत त्यांचं आणि त्यांच्या कवितेचं स्मरण करण्याबद्दल. तिच्यावर तुम्ही 'एक वसईकर' अशी सही करून सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, तिची दोन ओळींत बोळवण करणं बरं दिसलं नसतं. तुमचं म्हणणं असं: उपासना वर्ष, म्हणजे चर्चच्या सणांचं आणि स्मरणदिनांचं वर्षभराचं चक्र, ख्रिस्ताच्या जीवनाभोवती फिरतं, त्यात आजच्या चळवळी घुसडू नयेत. मरे यांनी हयातीत स्वतःला कधी जाहीरपणे क्विअर, म्हणजे स्त्री-पुरुषाच्या रूढ चौकटीत न बसणारं, म्हटलं नाही, मग त्यांची खासगी कागदपत्रं उकरून त्यांना तसं ठरवणं हा त्यांच्यावरच अन्याय. आणि कविता म्हणजे प्रार्थना नव्हे.

मधला मुद्दा वजनदार आहे, म्हणून आधी तो. तरुणपणी मरे यांनी डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारलं होतं, मला पुरुष संप्रेरकं द्याल का? डॉक्टरांनी दाद दिली नाही. चारचौघांत त्या यातलं काही बोलल्या नाहीत, हे खरं. पण ते कागद कुणी कुलूप फोडून बाहेर काढलेले नाहीत. मरे पेशाने वकील. अमेरिकेतल्या राज्याराज्यांतले वंशभेदाचे कायदे गोळा करून त्यांनी १९५१ साली जाडजूड ग्रंथ काढला होता. कोणता कागद पुढे साक्षीला उभा राहतो, हे त्यांना सांगायची गरज नव्हती. आपल्या डायऱ्या, पत्रं त्यांनी स्वतःच हार्वर्डच्या श्लेसिंगर ग्रंथालयाकडे जातील अशी व्यवस्था केली. नको असती तर जाळून टाकली असती. तरीही 'त्या अमुकच होत्या' असा शिक्का मी मारलेला नाही, पोस्ट पुन्हा वाचून पाहा. आयरीन बार्लो यांच्याशी त्यांची कित्येक वर्षांची सोबत होती. १९७३ साली बार्लो गेल्या आणि त्याच वर्षी, साठी उलटलेल्या मरे धर्मगुरूपदाच्या शिक्षणाला लागल्या. ब्रुकलिनच्या दफनभूमीत दोघी एकाच ठिकाणी आहेत. एवढं सांगण्यात त्यांचा अपमान कुठे होतो, ते मला अजून कळलेलं नाही.

आता उपासना वर्ष. तुम्ही नाताळचा दाखला दिलात, तर नाताळच घेऊ. २५ तारखेला गोठ्यातलं बाळ. २६ला दगडांनी ठेचून मारलेला पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन. २८ला हेरोदाने कापून काढलेली बेथलेहेमची बाळं. घरातला फराळ संपायच्या आत चर्च आपल्यासमोर राजाने केलेली कत्तल मांडतं! त्याआधी आगमनकाळात, म्हणजे नाताळापूर्वीच्या चार आठवड्यांत, आपण येशूच्या आईचं, मरीयेचं गीत म्हणतो, त्यात देव सत्ताधाऱ्यांना आसनावरून खाली खेचतो आणि श्रीमंतांना रिकाम्या हाताने परत पाठवतो. हेही मीच घुसडलं का? आणि तुमच्या वसईचा गोन्सालो गार्सिया १५९७ साली नागासाकीला क्रूसावर मारला गेला, १८६२ साली संत झाला. फेब्रुवारीत त्याचा दिवस येतो तेव्हा कुणी विचारत नाही, ख्रिस्ताच्या वर्षात हा वसईकर कशाला.

मरे यांना रोमने, म्हणजे कॅथलिक चर्चने, संत केलेलं नाही, तसा दावाही नाही. त्या ज्या चर्चच्या धर्मगुरू होत्या, त्या अमेरिकेच्या एपिस्कोपल (अँग्लिकन परंपरेतल्या) चर्चने २०१२ साली आपल्या स्मरणदिनांत त्यांना जागा दिली. १ जुलै हा त्यांच्या मृत्यूचा दिवस, वर्ष १९८५.

कशासाठी, हे एका रविवारवरून कळेल. मरे यांची आजी कॉर्नेलिया जन्माने गुलाम. २० डिसेंबर १८५४ला, ऐन आगमनकाळात, नॉर्थ कॅरोलायनातल्या चॅपल हिल गावच्या चर्चमध्ये तिचा बाप्तिस्मा झाला. नोंदवहीत ती मिस मेरी रफिन स्मिथ यांच्या मालकीच्या पाच 'नोकर' मुलांपैकी एक. त्याच गावच्या विद्यापीठाने १९३८ साली नातीला काळी म्हणून प्रवेश नाकारला. जानेवारी १९७७मध्ये नात धर्मगुरू झाली आणि १३ फेब्रुवारीला, ईस्टरआधीचा उपवासकाळ दहा दिवसांवर आलेला असताना, त्याच चर्चमध्ये तिने आपला पहिला प्रभुभोजनविधी चालवला. शुभवर्तमान वाचलं ते आजीच्या बायबलमधून. ज्या वाचनपीठावर ते बायबल ठेवलं होतं, त्यावर नाव कोरलेलं होतं मेरी रफिन स्मिथ यांचं. मालकिणीच्या स्मरणार्थ दिलेलं ते पीठ. मग मरे यांनी गोऱ्याकाळ्या सगळ्यांच्या हातावर भाकर ठेवली. न्याय आणि उपासना वेगवेगळ्या ठेवा असं तुम्ही म्हणता, त्या सकाळी त्या वेगळ्या कशा काढायच्या तेवढं सांगा.

कवितेबद्दल मला तुमचं मुळीच पटलं नाही. १९४३ साली डेट्रॉइटमध्ये वांशिक दंगल झाली, तेव्हा मरे यांनी 'द क्रायसिस' मासिकात एक छोटी कविता छापली. मार खाल्लेल्या काळ्या माणसाला ती विचारते, दाद मागायला गेलास, तुला काय मिळालं? मिळाली राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टसाहेबांची दिलगिरी. यात 'आमेन' नाही, कबूल. पण 'परमेश्वरा, कोठवर?' असं देवालाच धारेवर धरणारी बायबलमधली स्तोत्रं तुम्ही मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, म्हणता, तीही कविताच. आणि मराठीत हा आक्षेप घ्यायचा म्हणजे कमालच झाली! ना. वा. टिळकांची पदं वगळा आणि मग आमच्या 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात काय उरतं ते मला कळवा.

शेवटी तुम्ही लिहिलंत, 'आमच्या चर्चमध्ये हे आणू नका.' डिसेंबर २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलम पुन्हा लागू केलं, तेव्हा तुमच्या शेजारच्या मुंबईचे कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशस यांनी जाहीरपणे सांगितलं होतं, की समलिंगी विवाहाला चर्चचा विरोध आहे, पण या माणसांना आम्ही गुन्हेगार मानत नाही. मला ते अपुरं वाटतं, तुम्हाला कदाचित जास्त वाटेल. त्या आगमनकाळात तुमच्या धर्मग्रामात कुणी फादर प्रवचनात यावर बोलले होते का? आठवत असेल तर इथेच लिहा.