थडग्यावर ‘इंडिया’ आहे म्हणून जॉन आपला?

आत्याने काल घरच्या ग्रुपवर टाकलं, आज सकाळी तेच भिशीच्या ग्रुपवरून परत आलं: ‘वेल्समधल्या थडग्यावर भारताचं नाव! अडीचशे वर्षांपूर्वीचा जॉन अस्टिमलिन हा आपला हिंदुस्थानी माळी. विन कुटुंबाने त्याला मायेने दत्तक घेतलं. आता ब्रिटिश सरकारने त्याच्या नावाचा गुलाब काढून माफी मागितली.’ खाली जोडलेले हात आणि तिरंगा.

थडग्यावर ‘इंडिया’ आहे, हे नाइलाजाने मान्य. क्रिकिएथजवळच्या चर्चच्या आवारातल्या त्या दगडावर वेल्श कविता कोरलीय: इंडियात जन्मलो, वेल्समध्ये बाप्तिस्मा झाला. पण त्या काळी वेस्ट इंडीजही लोकांच्या तोंडी ‘इंडीज’च होतं. शिवाय तोच दगड मृत्यूचं साल १७९१ सांगतो आणि चर्चच्या दफ्तरात दफनाची नोंद आहे १७८६ची. माणूस मेला कधी हे ज्या दगडाला धड ठाऊक नाही, त्याच्या भरवशावर तो जन्मला कुठे हे ठरवायचं?

आणि ‘मायेने दत्तक’! इथे माझं डोकंच फिरलं. रॉबर्ट आयझॅक जोन्सने १८८८ साली जॉनची हकिकत वेल्शमध्ये लिहिली. शंभर वर्षांनंतरची, त्यामुळे बरंचसं ऐकीव, हे कबूल. पण जॉन स्वतः सांगायचा ती आठवण तिच्यात आहे. रानातल्या ओढ्याकाठी पोरगं पाणकोंबडी धरायच्या नादात. गोरे आले, उचलून जहाजावर घेऊन गेले. आईचा आकांत मागे राहिला. हकिकतीत जागा आफ्रिका आहे. आत्या, याला दत्तक म्हणतात?

विनांच्या घरी त्याला बागकाम शिकवलं आणि त्यात त्याचा हात बसला. वेल्श, इंग्रजी दोन्ही बोलू लागला. त्या घरी कामाला आलेल्या मार्गारेटवर जीव जडला, १७६८ साली त्याने पळून जाऊन तिच्याशी लग्न केलं आणि नोकरी गेली. दत्तक मुलाला लग्न केलं म्हणून कामावरून काढतात होय? पुढे विनांपैकीच एकाने त्याच्या चाकरीची आठवण ठेवून जुनं शाकारलेलं घर आणि मोठी बाग दिली, तेवढं पदरात घालू.

गुलाबाशी सरकारचा संबंध नाही. हार्कनेस या गुलाबाच्या नर्सरीने तो २०२१ साली आणला. फॉरवर्डमध्ये लाल गुलाबाचा फोटो लावलाय. जॉनचा गुलाब पिवळा आहे.