ऐंशी हजारांत गाडी ट्रॅकला तयार होत नाही

सोलापुरातल्या गाडीवाल्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. त्याचा सारांश असा: रेसिंगच्या ट्रॅकवर उतरायला लाखो रुपये लागतात हे खोटं आहे, कुठलीही टर्बो पेट्रोल हॅचबॅक ८० हजारांत तयार होते. रीमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं), ओपन फिल्टर आणि मोकळा सायलेन्सर टाका. स्प्रिंग कापून गाडी खाली घ्या, टायर रुंद बसवा. ब्रेक कंपनीचेच पुरतात. बाइकचं हेल्मेट चालतं, जमलं तर रेसिंगचा चारपट्टी बेल्ट लावा. आणि जो सोलापूर–पुणे अडीच तासांत मारतो त्याला शिकण्यासारखं काही उरलेलं नाही. सराव हवाच असेल तर रात्री बायपास मोकळा असतो.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत मी गाड्यांची कामं करतो आणि इथल्या पोरांबरोबर चेन्नई-कोइमतूरच्या ट्रॅकवर पिटमध्ये, म्हणजे गाड्या थांबवून बघतात त्या जागी, उभा राहतो. ट्रॅकवर जाऊ नका असं मला अजिबात म्हणायचं नाही. उलट जास्तीत जास्त पोरांनी जावं, असंच वाटतं. पण हा मेसेज वाचून निघालेला पोरगा भिंतीत जाईल, म्हणून एकेक मुद्दा घेऊन बोलतो. मेसेजच्या क्रमानं जाणार नाही. ज्याला त्यानं एकच ओळ दिली आहे, तिथून सुरुवात करतो.

ब्रेक कंपनीचेच पुरतात, हे त्यातलं सगळ्यात घातक वाक्य. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला जो ट्रॅक आहे तो ३.७ किलोमीटरचा, १२ वळणांचा. साध्या हॅचबॅकला एका लॅपला, म्हणजे एका फेरीला, दोन मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागतो, आणि तेवढ्यात चार-पाच वेळा ब्रेकवर अक्षरशः उभं राहावं लागतं. पंधरा-वीस मिनिटांच्या सेशनमध्ये हे तीस-पस्तीस वेळा होतं, मध्ये थंड व्हायला फुरसत नाही. हिशेब करून बघा. १,२०० किलोची गाडी १५० च्या वेगावरून ७० वर आणायची म्हणजे सुमारे ८ लाख जूल उष्णता डिस्क आणि पॅडमध्ये ओतायची. तेवढ्या उष्णतेत जवळजवळ अडीच लिटर पाणी उकळीला येतं, तेही एका ब्रेकमध्ये. सोलापूरहून पुण्याला जाताना आपण इतका ब्रेक कितीदा दाबतो? एखादं जनावर आडवं आलं तर एकदा, आणि त्यानंतर दहा-पंधरा किलोमीटर वारा लागून डिस्क थंड होते.

ब्रेक दोन तऱ्हांनी दगा देतात. दोन्हींमधला फरक ड्रायव्हरच्या पायाला कळला पाहिजे. पॅड तापून त्यातलं रेझिन जळायला लागलं की पेडल दगडासारखं कडक लागतं, पण गाडी थांबत नाही. ब्रेक ऑइल उकळलं तर पेडल मऊ पडतं आणि थेट खाली जातं, कारण वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. पहिल्या प्रकारात वेग कमी करून एक लॅप हळू काढली तर ब्रेक बऱ्यापैकी परत येतात. दुसऱ्यात पेडल भराभर पंप करायचं, गिअर खाली घ्यायचे आणि पिटमध्ये यायचं. त्या दिवशी ऑइल बदलून एअर काढल्याशिवाय परत ट्रॅकवर जायचं नाही.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. नवं डॉट ३ (हा दर्जा डब्यावर लिहिलेला असतो) किमान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही, ओल शिरल्यावर मात्र तीच मर्यादा १४० वर येते. डॉट ४ ला हे आकडे २३० आणि १५५, डॉट ५.१ ला २६० आणि १८०. म्हणजे तीन वर्षं न बदललेलं चांगलं ऑइल नव्या साध्या ऑइलपेक्षाही वाईट. गॅरेजच्या फळीवर बूच सैल राहिलेली, अर्धी उरलेली बाटली पावसाळ्यानंतर वापरूच नका. सीलबंद डबा तुमच्यासमोर फोडायला सांगा आणि चारही चाकांची एअर काढून घ्या. नुसता ५ आकडा लिहिलेलं ऑइल सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही. पैसे थोडेच असतील तर पहिले या कामाला आणि पुढच्या ट्रॅक-पॅडला घाला. मोठे कॅलिपर, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणारे भाग, नंतर बघू.

आता पॉवर. रीमॅपला माझा विरोध नाही, पण पहिल्या दिवसाचं ते काम नव्हे. जुन्या पोलो जीटी टीएसआयचं उदाहरण घेतो, कारण आपल्याकडे ट्रॅकला निघालेल्यांच्या तोंडी तीच असते. तिचं १.२ लिटरचं इंजिन १०५ पीएस आणि १७५ न्यूटन मीटर देतं. मागचा सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) बनवलाय २५० न्यूटन मीटरपर्यंतच्या टॉर्कसाठी. रीमॅपनं टॉर्क त्या हद्दीला टेकतो. या गिअरबॉक्सचे क्लच तेलात बुडालेले नसतात, त्यामुळे उष्णता काढून न्यायला तेल नाही. रस्त्यावर तो वर्षानुवर्षं चालेल, ट्रॅकवर मात्र तिसऱ्या-चौथ्या लॅपला तापल्याचा इशारा देऊन हात वर करेल. दुसरी एखादी मॅन्युअल गाडी असेल तर क्लच घसरायला लागेल.

ओपन फिल्टरचं तर आपल्या हवेत उलटंच होतं. एप्रिल-मेमध्ये इथं ४२-४३ अंश असतं, बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. कंपनीचा बंद डबा पुढून बाहेरची हवा घेतो. तो काढून उघडा फिल्टर इंजिनशेजारी लटकवला की इंजिन आपल्याच अंगची गरम हवा ओढतं. हवा गरम झाली की नॉकिंग (इंधनाचा अवेळी भडका) टाळायला ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठिणगी उशिरा टाकतो, आणि पैसे देऊन घेतलेली पॉवर तिसऱ्या लॅपला गायब होते. सायलेन्सरनं फक्त आवाज वाढतो, त्यावर जास्त लिहीत नाही.

इंजिनासाठी खरोखर करायचं काम स्वस्त आहे. ऑइल नवं टाका आणि डिपस्टिकवर वरच्या खुणेपर्यंत भरा. लांब वळणात ऑइल सगळं एका बाजूला जातं आणि पंपाच्या तोंडाशी हवा येते. पातळी खालच्या खुणेवर असेल तर बेअरिंग तिथंच संपतं. कूलंटचे पाइप आणि क्लिपा बघा, रेडिएटरच्या जाळीतला कचरा उलट बाजूनं हवा मारून काढा. ट्रॅकवरून आल्यावर ऑइल पुन्हा बदला.

स्प्रिंग कापण्याबद्दल स्पष्ट सांगतो: ग्राइंडरनं वेढा कापलेली गाडी कुठल्याही ट्रॅकवर नेऊ नका. कापलेली स्प्रिंग बैठकीत नीट बसत नाही, चाक खाली लोंबलं की जागेवरून हलू शकते. शॉकअपची चाल संपून गाडी बंप स्टॉपवर, म्हणजे शेवटच्या रबरी अटकावावर, आदळते आणि वळणाच्या मध्येच पकड सुटते. शिवाय पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेलं सस्पेन्शन) असलेली गाडी बेताबाहेर खाली घेतली की वळणात टायर हवा तसा उभा राहत नाही, बाहेरच्या कडेवर झिजतो. मूळ उंची ठेवून चांगले शॉकअप आणि पुढच्या चाकांना शक्य तेवढा निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकलेला), एवढ्यानं लॅपमागे जो फरक पडतो तो खाली घेतलेल्या गाडीला मिळत नाही.

टायरच्या रुंदीपेक्षा जात आणि वय बघा. बाजूच्या भिंतीवर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. नक्षी पूर्ण असली तरी रबर कडक झालेला असतो. अरुंद रिमवर रुंद टायर ओढून बसवला की भिंत डुलते आणि स्टिअरिंगला उत्तर उशिरा मिळतं. हवेचं गेज स्वतःचं घ्या. हवा १० अंशांनी तापली की दाब दीड-दोन पीएसआय वाढतो, म्हणून सकाळी पंपावर भरलेला आकडा दुसऱ्या सेशनला काहीच सांगत नाही. पिटमध्ये आल्या आल्या मोजायचा, वहीत लिहायचा आणि चारही टायरना तापलेल्या अवस्थेत पाहिजे तो दाब येईपर्यंत हवा सोडत जायचं. चाकांचे बोल्ट टॉर्क पान्यानं, प्रत्येक सेशननंतर. पोलोला १२० न्यूटन मीटर.

हेल्मेटच्या मुद्द्यावर बरीच पोरं वाद घालतात की डोकं तेच, मग हेल्मेट वेगळं कशाला. हेल्मेटची मानकं ठरवणाऱ्या स्नेल या संस्थेच्या मोटरस्पोर्टच्या मानकात, म्हणजे एसए मालिकेत, आगीची चाचणी असते आणि रोल केजच्या (गाडीच्या आतल्या लोखंडी पिंजऱ्याच्या) नळीवर डोकं आपटल्याची चाचणीही. बाइकच्या एम मालिकेत या दोन्ही नसतात. काही हौशी ट्रॅक डेला बाइकचं फुल-फेस चालवून घेतात, ते आयोजकांना आधी विचारा. पण स्पर्धेत उतरायचं ठरलं असेल तर पहिलीच खरेदी बरोबर करा.

चारपट्टी बेल्ट मात्र नुसता निरुपयोगी नाही, धोकादायक आहे. कंपनीचा तीन-बिंदू बेल्ट गाडी उलटली तर अंगाला थोडं बाजूला झुकू देतो. चारपट्टीनं अंग सरळ जखडलेलं राहतं आणि वरून छत दबलं तर डोकं जाणार कुठे? म्हणून असा बेल्ट हवा तर रोल केज, रेसिंग सीट आणि मान धरून ठेवणारं हान्स उपकरण हे सगळं बरोबर हवं. खांदे जखडलेले आणि डोकं मोकळं असताना टक्कर झाली की सगळा झटका कवटीच्या बुडाला बसतो. २००१ साली डेटोनाच्या शर्यतीत अमेरिकन रेसर डेल अर्नहार्ट गेला तो याच जखमेनं. फॉर्म्युला वननं २००३ पासून हान्स सक्तीचं केलं. रस्त्यावरच्या गाडीत कंपनीचा बेल्ट, तपासून घेतलेला, हेच ठीक.

आता तो अडीच तासांचा पराक्रम. सोलापूर–पुणे अडीचशे किलोमीटर, म्हणजे सरासरी शंभर. हे जमवायला लागतं काय? सरळ रस्ता, नशीब आणि दुसऱ्यांनी आपल्याला दिलेली वाट. ट्रॅकवर लागणाऱ्या गोष्टींपैकी एकही यात शिकायला मिळत नाही. ब्रेक एकाच दाबानं पूर्ण मारून वळणात शिरता शिरता हळूहळू सोडणं, नजर चालू वळणावर न ठेवता पुढच्या वळणाच्या तोंडाशी नेणं, गाडीचं नाक सरळ जायला लागलं की ॲक्सिलरेटर वाढवायच्या ऐवजी कमी करणं, हे हायवेवर कुणालाच करावं लागत नाही. उलट हायवे एक वाईट सवय लावतो: वळणात गेल्यावर ब्रेक मारायची. पुढच्या चाकांची ड्राइव्ह असलेली गाडी त्या क्षणी मागून सुटते आणि पोरगं म्हणतं, अण्णा, गाडीत काहीतरी गडबड आहे. गाडी ठणठणीत असते.

ट्रॅकवर दाखवतात ते झेंडे कुणी पाठ करत नाही, ते करा. पिवळा दिसला की ओव्हरटेक बंद. पिवळ्यावर लाल पट्टे म्हणजे पुढे ऑइल किंवा घसरण. निळा म्हणजे मागून तुमच्यापेक्षा वेगवान गाडी आली आहे. लाल म्हणजे सेशन थांबलं, हळू पिटमध्ये. एवढं न येणारा ड्रायव्हर स्वतःपेक्षा ट्रॅककडेला झेंडे घेऊन उभ्या मार्शलला जास्त धोका असतो.

रात्रीच्या बायपासबद्दल मला राग येतो, आणि तो लपवत नाही. आपला जिल्हा साखर कारखान्यांचा आहे. हंगामात मागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या रात्रभर याच रस्त्यांवर असतात. कोजागिरीला इथून हजारो माणसं रात्री तुळजापूरला चालत निघतात, आषाढीच्या आधी पंढरपूरच्या दिंड्या असतात. त्या रस्त्यावर सराव सांगणाऱ्याला काय म्हणायचं? मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली रस्त्यावरच्या शर्यतीला पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. तुमच्या वेगाखाली आलेल्या माणसाला मात्र त्या शिक्षेनं काही परत मिळत नाही.

सराव करायचा तर कोल्हापूरला कार्टिंगचा ट्रॅक आहे, सोलापुरातून सकाळी निघून रात्री परत येता येतं. कार्टमध्ये नजर, ब्रेक आणि ओळ (वळणातून गाडी न्यायची वाट) या तिन्ही गोष्टी जितक्या स्वस्तात शिकाल तितक्या कुठेच नाही. सिम्युलेटरवर ट्रॅकची वळणं पाठ करून जा. कोइमतूरचा करी स्पीडवे २.१ किलोमीटरचा, छोटा, पहिल्या दिवसासाठी मला तो जास्त आवडतो. स्पर्धेसाठी एफएमएससीआयचं, म्हणजे देशातल्या मोटरस्पोर्टच्या संघटनेचं, लायसन लागतं, त्याची चौकशी महिनाभर आधी करा. घरच्यांना हेही सांगून ठेवा की गाडीच्या साध्या विमा पॉलिसीत शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते. ट्रॅकवर ठोकली तर खर्च आपलाच.

आदल्या रात्री नऊशे किलोमीटर चालवून थेट सकाळच्या सेशनला बसू नका. एक दिवस आधी पोचा, झोपा, पाणी पीत राहा, बंद काचांच्या गाडीत हेल्मेट घालून वीस मिनिटांत अंगातलं पाणी भराभर जातं. पहिलं सेशन पूर्ण हळू काढा. शेवटची लॅप नेहमी ब्रेक न मारता थंड करायची आणि पिटमध्ये हँडब्रेक ओढायचा नाही, गिअरमध्ये ठेवून चाकाला ठोकळा लावायचा. आणि कंपनीचे जुने पॅड डिकीत ठेवा. ट्रॅकचे पॅड थंड असताना नीट धरत नाहीत, सोलापूरला परत निघायच्या आधी ते बदलून घ्या.