सावली काढून दुकानं काऊन?

दर वेळी तेच! मनोरंजन पार्कमध्ये नवं काही बांधायचं म्हटलं की पहिली कुऱ्हाड बसायच्या जागेवर. फ्लोरिडाच्या मॅजिक किंगडम या डिस्नेच्या पार्कमध्ये मेन स्ट्रीट या मुख्य रस्त्याला लागून एक निवांत गल्ली होती, फुलांच्या बाजाराची. २००१मध्ये एम्पोरियम हे दुकान वाढवलं आणि गल्ली त्याच्या पोटात गेली. तेच लोण आता आमच्या नागपुरातल्या पार्कमध्ये. कारंज्याजवळचे कडुनिंब गेले, तिथं टोप्या-खेळण्यांचे स्टॉल. अरे बाप्पा, मे महिन्यात इथं पारा ४५च्या वर जातो! नातवाला घेऊन आलेल्या आजीनं टेकायचं कुठं? दोन पाळण्यांच्या मधे घटकाभर दम खायला नको? कीचेन तर सीताबर्डीवर ढिगानं मिळतात, त्यासाठी तिकीट काढून कोण येतं?