कार्डिनलच्या टालरवरची मोलकरीण : एका प्रतिक्रियेला उत्तर

आजच्या ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गचा आर्चबिशप आणि कार्डिनल माथेउस लांग याच्या १५२१ च्या टालरवर, म्हणजे मोठ्या चांदीच्या नाण्यावर, मी लिहिलं, त्यावर तुमची हरकत अशी: बिशपने नाणी पाडणं हा धर्माच्या आडून चाललेला धंदा, आणि मागच्या बाजूची संत राडियाना म्हणजे पोपच्या चर्चविरुद्ध उभा राहिलेला सुधारक मार्टिन लूथर याच्याविरुद्धचा प्रचार.

धंद्याचं आधी. साल्झबर्गचा आर्चबिशप त्या मुलखाचा राज्यकर्ताही होता. टांकसाळीचा हक्क त्या गादीला सम्राट तिसऱ्या ऑटोने ९९६ मध्ये दिला, तेव्हा लूथर जन्मायला पाचेकशे वर्षं अवकाश होता.

प्रचाराचा तर्क मोहात पाडतो, कारण त्याच वर्षी लूथर वर्म्स शहरात सम्राटापुढे आपल्या मतांचा जाब द्यायला उभा राहिला. पण ही राडियाना कोण? आउग्सबुर्गजवळच्या वेलेनबुर्ग गढीवरची मोलकरीण. महारोग्यांची सेवा करायची, त्यांना चोरून खायला न्यायची, आणि शेवटी लांडग्यांनी तिला फाडलं, अशी आख्यायिका. लांग हा आउग्सबुर्गच्या एका सामान्य नागरिकाचा मुलगा. सम्राट मॅक्सिमिलियनच्या चाकरीत चढत चढत तो ‘फॉन वेलेनबुर्ग’, म्हणजे ‘वेलेनबुर्गचा’, झाला. गढी त्याची, म्हणून संतही त्याची. मला त्या चित्रात नव्याने मिळवलेलं घराणं मिरवण्याची हौस दिसते. शिवाय तेवढं जड चांदीचं नाणं सामान्य माणसाच्या हाती क्वचितच यायचं. त्याचा व्यवहार फेनिग या लहान नाण्यांत. मग प्रचार करायचा कुणापुढे?

लांगला मी सज्जन ठरवत नाहीये. लूथरचा जुना मार्गदर्शक श्टाउपित्झ याला त्याने साल्झबर्गला आणलं. १५२२ मध्ये श्टाउपित्झ तिथल्या सेंट पीटर मठाचा प्रमुख झाला. आणि ह्याच लांगच्या राज्यात पुढे पुनर्बाप्तिस्मावाद्यांना (मोठेपणी पुन्हा बाप्तिस्मा घेणाऱ्या पंथाच्या लोकांना) जाळलं गेलं. दोन्ही एकाच माणसाच्या खात्यावर.

तुम्हाला लोभच दाखवायचा असेल, तर छाप सोडा आणि खाणींकडे या. साल्झबर्गच्या श्रीमंतीचा मोठा वाटा गाश्टाइन आणि राउरिसच्या सोन्यारुप्याच्या खाणींचा. १५२५ मध्ये गाश्टाइनचे खाणवाले आणि खाणकामगारच शेतकऱ्यांबरोबर उठले, शहरात शिरले, आणि लांगला होहेनझाल्झबुर्ग किल्ल्यात कोंडून बसले. तो वेढा उन्हाळाभर चालला. किल्ला पडला नाही, पण कार्डिनलसाहेबांना बाहेर काढायला स्वाबियन संघाची, म्हणजे दक्षिण जर्मन राज्यं आणि शहरांच्या युतीची, फौज बोलवावी लागली, आणि पुढच्याच वर्षी पुन्हा उठाव झाला, तेव्हा बंडखोरांनी राडश्टाट या गावाला वेढा घातला.