शाळेची हद्द कळते, मग मतदारसंघाची का नाही?

अमेरिकेत मेरीलँड राज्यातल्या आपल्या मॉन्टगोमेरी काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) शाळांच्या हद्दी बदलणार अशी नुसती कुणकुण लागली तरी व्हॉट्सॲप ग्रुप पेटतात. २०१९ मध्ये क्लार्क्सबर्ग, नॉर्थवेस्ट आणि सेनेका व्हॅली या हायस्कूलांच्या हद्दी बदलल्या, तेव्हा आपल्यातले कितीतरी आईबाप ऑफिसातून थेट सुनावणीला धावले होते. चांगलंच केलं. पण दोनच वर्षांनी, २०२१ मध्ये, काउंटी काउन्सिलचे, म्हणजे काउंटीच्या निवडून आलेल्या सभागृहाचे, मतदारसंघ नव्याने आखले गेले आणि आपल्या घरांमध्ये त्याचा विषयसुद्धा निघाला नाही. मला हे फार खटकतं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

मुळात सुरुवात २०२० च्या मतपत्रिकेपासून झाली. त्या वर्षी बहुतेकांच्या मतपत्रिका टपालाने घरी आल्या होत्या. बायडेन-ट्रम्पची बाजू सगळ्यांनी भरली, पण मागच्या बाजूला 'क्वेश्चन सी' आणि 'क्वेश्चन डी' हे दोन प्रश्न एकाखाली एक छापलेले होते, आणि आमच्या ओळखीतल्या बऱ्याच जणांनी ते एक तर कोरे सोडले, नाहीतर दोन्हींना 'हो' केलं. दोन्हींना हो म्हणण्यात काही अर्थच नव्हता, कारण ते एकमेकांच्या विरोधात होते. तोवर काउन्सिलमध्ये नऊ जण असत: पाच आपापल्या डिस्ट्रिक्टचे (मतदारसंघाचे) आणि चार 'ॲट-लार्ज', म्हणजे अख्ख्या काउंटीने निवडलेले. सह्या गोळा करून आणलेल्या 'डी'चं म्हणणं होतं की ॲट-लार्ज जागा काढून टाका आणि सरळ नऊ डिस्ट्रिक्ट करा. काउन्सिलने आणलेला 'सी' म्हणत होता, चार ॲट-लार्ज राहू द्या, डिस्ट्रिक्ट पाचाचे सात करा. 'डी' पडला, 'सी' पास झाला.

मी 'सी'ला मत दिलं होतं आणि आजही तेच देईन. पण 'डी'वाल्यांची तक्रार खोटी नव्हती. दहा लाखांच्या वर लोकसंख्येला पाच डिस्ट्रिक्ट, म्हणजे एकेका प्रतिनिधीमागे दोन लाखांहून जास्त माणसं. त्यात सत्तेचा सगळा भार वॉशिंग्टनजवळच्या सिल्व्हर स्प्रिंग, टकोमा पार्क, बेथेस्डाकडे. आपल्याकडे, जर्मनटाउन-क्लार्क्सबर्गच्या बाजूला, घरं धडाधड बांधली गेली, पण शेडी ग्रोव्हपासून क्लार्क्सबर्गपर्यंत येणार असलेला खास बसमार्ग वर्षानुवर्षं कागदावरच राहिला. रोज सकाळी आय-२७० हायवेवर अडकणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. तरीही फक्त डिस्ट्रिक्ट ठेवले असते तर बाकीच्या आठ जणांना आपल्या मताची गरजच उरली नसती. आता आपण प्रत्येक जण अकरापैकी पाच जागांसाठी मत देतो. हे लहान हत्यार नाही.

पुण्यातल्या नातेवाइकांना हे सांगितलं की त्यांना लगेच प्रभाग आठवतो. तिथे २००२ ला तीन नगरसेवकांचा प्रभाग, २००७ ला एकचा, २०१२ ला दोनचा, २०१७ ला चारचा, मध्ये पुन्हा तीनचा घाट घातला गेला आणि २०२६ च्या जानेवारीत परत चारचा. दर वेळी निर्णय मुंबईत बसलेल्या सरकारने घेतला, पुणेकराला कोणी विचारलं नाही. इथे रचना बदलायची की नाही हे मतदाराला विचारलं गेलं. केवढा मोठा अधिकार आहे हा!

मग २०२१ मध्ये ११ जणांच्या आयोगाने नकाशा काढला. त्यात जर्मनटाउन, क्लार्क्सबर्ग, पूल्सव्हिल मिळून डिस्ट्रिक्ट २ झाला, आणि २०२२ मध्ये तिथून मॅरिलिन बाल्कम निवडून आल्या. व्हीटनच्या आसपासची लॅटिनो वस्ती डिस्ट्रिक्ट ६ मध्ये एकत्र आली आणि तिथून नताली फानी-गोन्सालेस आल्या. नवीन रेघांचा असा लगेच परिणाम होतो. मला एकच गोष्ट मान्य नाही: हा आयोग नेमतं कोण, तर काउन्सिलच. ज्यांना पुढे त्याच नकाशावर निवडणूक लढवायची आहे त्यांनीच नकाशा काढणारे निवडायचे, हे बदललं पाहिजे. राजकारण्यांच्या हातात नकाशा गेला की काय होतं ते याच राज्यात दिसलं. मेरीलँडमधल्या काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, मतदारसंघांचा नकाशा न्यायालयाने २०२२ च्या मार्चमध्ये रद्द केला आणि नकाशांच्या त्या सगळ्या वादात प्रायमरी (पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक) जूनवरून १९ जुलैवर गेली.

आणि प्रायमरी म्हणजेच इथली खरी निवडणूक. २००२ नंतर काउन्सिलवर एकही रिपब्लिकन निवडून आलेला नाही, त्यामुळे डेमोक्रॅटिक प्रायमरीतच निकाल लागतो. त्यात इथे प्रायमरी बंद असते, पक्षाची नोंदणी असलेल्यालाच मत. आपल्यातले बरेच जण 'अनॲफिलिएटेड' (कुठल्याच पक्षाचे नाही) असं नोंदवून मोकळे होतात आणि मग काउंटी काउन्सिल निवडायची वेळ येते तेव्हा बाहेर राहतात. २०२२ मध्ये मार्क एलरिच यांनी काउंटी एक्झिक्युटिव्हची (काउंटीच्या कार्यकारी प्रमुखाची) डेमोक्रॅटिक प्रायमरी डेव्हिड ब्लेअर यांच्याविरुद्ध ३२ मतांनी जिंकली. त्याआधी २०१८ मध्ये याच दोघांतला फरक ७७ मतांचा होता. ३२ मतं तर आपल्या एका हळदीकुंकवाला जमतात. सात अब्ज डॉलरहून मोठं बजेट, त्यातला निम्म्याच्या आसपास पैसा शाळांना, आणि ते मांडणारा माणूस एवढ्या फरकाने ठरतो.

पुढची फेररचना २०३० च्या जनगणनेनंतर. आयोगावर बसायला इथला मतदार असावं लागतं, पण सुनावणीत बोलायला नागरिकत्व लागत नाही. एच-१बी वाले, ग्रीन कार्डवाले, सगळे बोलू शकतात. मला वाटतं आपल्या गावातल्या चार-पाच जणांनी आतापासून काउन्सिलच्या बैठका बघायला लागावं आणि त्यातल्या एकाने तरी आयोगासाठी अर्ज करावा. पक्षनोंदणी बदलायची असेल आणि फॉर्म कळत नसेल तर कमेंटमध्ये लिहा, मी संध्याकाळी फोन करून समजावून सांगेन.