‘ए ग्रेडचे टायर घेतले आणि ॲव्हरेज घटलं’ या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. तक्रारी थोडक्यात अशा: ‘ए ग्रेडचे, पेट्रोल वाचवणारे समर टायर’ मागितले तर आम्ही साधेच टायर गळ्यात मारले, ॲव्हरेज १८.२ वरून १७.४ वर आलं. हवा ३३ सांगून ३८ भरली, ती तुम्हाला पंपावर कमी करून घ्यावी लागली. आणि टायरवर ‘ट्रॅक्शन ए’ लिहिलेलं असूनही पहिल्याच पावसात कसारा घाटात ब्रेक मारल्यावर गाडी सरकली. उत्तर जरा लांबेल, कारण हेच प्रश्न काउंटरवर रोज कोणी ना कोणी विचारतं.

हवेपासून सुरुवात करतो, कारण तिथे उद्या सकाळीच काहीतरी करता येईल. तुमच्या बिलावर ३३ पीएसआय लिहिलंय, ते थंड टायरचं माप आहे. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर गाडीच्या कंपनीचं स्टिकर असतं, त्यावरचा आकडाही थंड टायरचाच. तापमान १० अंशांनी वाढलं की साधारण दीड पीएसआय वाढतो. सकाळी २४-२५ अंशांत हवा भरली आणि दुपारी चाळिशीच्या आसपासच्या उन्हात गाडी हायवेवर पळवून पंपावर नेली, तर गेजवर ३८ दिसणारच. त्यात कुणाची चूक नाही, हवा तापून फुगली एवढंच. तो ३८ तिथल्या तिथे ३३ वर आणला की दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच टायरमध्ये २८-२९ उरते. म्हणजे चारही टायर चार-साडेचार पीएसआयने कमी. टायर जास्त दबतो, जास्त वळवळतो, जास्त तापतो आणि कडेकडेने घासतो. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा ढोबळ हिशेब असा, की चारही टायरमध्ये एकेक पीएसआय कमी झाला की इंधनाचा खर्च ०.२ टक्के वाढतो. तुमचा जवळजवळ एक टक्का इथेच गेला.

तापलेल्या टायरची हवा कधीच सोडू नका. आणि टायरच्या बाजूला ‘मॅक्स प्रेस’ म्हणून ४४ किंवा ५१ असा आकडा असतो, तो टायरची कमाल मर्यादा सांगतो. तो बघून हवा भरायची नसते. (तसं करणारेही येतात, मग ‘गाडी उडते’ म्हणून सस्पेन्शनवर शंका घेतात.)

आता ॲव्हरेज. तुमचे जुने टायर १८५/६५ आर १५ होते, तेच माप पुन्हा बसवलं. काढलेल्या टायरची नक्षी २ मिमीच्या आसपास उरली होती, नव्याची ८ मिमी आहे. या मापाच्या नव्या टायरचा व्यास सुमारे ६२१ मिमी, म्हणजे त्रिज्या ३१० च्या घरात. त्यातले ६ मिमी घासले की चाक जवळपास दोन टक्क्यांनी लहान होतं. लहान चाक तेवढ्याच अंतरात जास्त फेरे घेतं आणि गाडीचा मीटर फेरेच मोजतो. म्हणजे जुन्या टायरवर मीटर १०० किमी दाखवत होता तेव्हा गाडी प्रत्यक्षात ९८ च्या आसपास चाललेली असायची. तुमचं १८.२ हे खरं १७.८५ होतं. नव्या टायरने मीटर ताळ्यावर आला, म्हणून आकडा खाली दिसला. खात्री करायची तर ५० किमीचा हायवेचा पट्टा फोनच्या जीपीएसवर आणि गाडीच्या मीटरवर एकाच वेळी मोजून बघा.

दुसरं, घासलेला टायर नव्यापेक्षा हलका फिरतो. टायर फिरताना त्याचं रबर सतत दबतं आणि सुटतं, त्यात ऊर्जा उष्णता होऊन जाते. नक्षीतलं रबर जितकं जाड, तितकं जास्त जातं. गुळगुळीत झालेल्या टायरचा रोलिंग रेझिस्टन्स, म्हणजे फिरताना होणारा हा विरोध, नव्यापेक्षा २० टक्क्यांपर्यंत कमी असू शकतो. म्हणून टक्कल पडलेल्या टायरशी नव्या टायरची तुलना केली तर चांगला टायरही हरल्यासारखा दिसतो. तुलना नव्याची नव्याशीच व्हायला हवी. त्यात तुमचं १७.४ मे महिन्यातलं, एसी पूर्ण वेळ चालू असतानाचं. शिवाय नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचावर आहे. मुंबईहून परत येतानाच्या टाकीचं ॲव्हरेज जातानाच्या टाकीपेक्षा कमीच येणार. जाऊन-येऊन मोजा, त्याच पंपावर, नोझल आपोआप बंद होईपर्यंतच भरून, निदान तीन टाक्या.

‘ए’चा घोळ मात्र नीट समजून घ्या, कारण इथे नेटवर वाचून आलेली माणसंही चुकतात. तुमच्या टायरवर जे ‘ट्रेडवेअर ३४०, ट्रॅक्शन ए, टेम्परेचर ए’ कोरलेलं आहे ती अमेरिकन पद्धत. त्यात इंधनाचा संबंधच नाही. टेम्परेचर ए म्हणजे ताशी १८५ किमीच्या वरचा वेग आणि त्यातली उष्णता टायरने चाचणीत सोसली. ट्रॅक्शन म्हणजे ओल्या डांबरावर आणि ओल्या काँक्रीटवर सरळ रेषेत ब्रेक लावल्यावर मिळालेली पकड. त्यात ‘ए’च्या वर ‘एए’ आहे, म्हणजे ‘ए’ दुसऱ्या क्रमांकाचा. ३४० म्हणजे किलोमीटर नव्हेत. १०० धरलेल्या प्रमाण टायरच्या ३.४ पट टिकला, असं टायर कंपनीने स्वतः दिलेलं माप. दोन वेगळ्या कंपन्यांचे हे आकडे शेजारी ठेवून निर्णय घेऊ नका.

तुमच्या जर्मनीतल्या भाच्याने सांगितलं ते लेबल युरोपचं. मे २०२१ पासून त्यात ए ते ई असे पाच वर्ग आहेत आणि इंधन, ओल्या रस्त्यावरची पकड आणि आवाज यांची माहिती वेगवेगळी दिलेली असते. कारच्या टायरला इंधनात ‘ए’ मिळायला रोलिंग रेझिस्टन्स टनामागे ६.५ किलो किंवा कमी लागतो, ‘सी’ ७.८ ते ९ पर्यंत, १०.६ पासून पुढे ‘ई’. माणसांसकट १,२०० किलोच्या गाडीला ‘ए’ टायर मागे खेचतात सुमारे ७.८ किलोच्या जोराने, ‘सी’च्या तळाचे १०.८ किलोने. ही चाचणी कोऱ्या टायरवर, २५ अंशांच्या खोलीत, पोलादी ड्रमवर, ताशी ८० किमीला होते. खड्डा नाही, वळण नाही, सिग्नल नाही.

आपल्याकडे टायरचा आवाज, ओली पकड आणि रोलिंग रेझिस्टन्स यांसाठी एआयएस-१४२ हे मानक आहे. नव्या डिझाइनच्या टायरना ते ऑक्टोबर २०२२ पासून लागू झालं, जुन्या डिझाइनना २०२३ मध्ये. ती पास-नापासची परीक्षा आहे, त्यात नंबर लागत नाही. टायरच्या बाजूला गोलातल्या ‘ई’च्या क्रमांकापुढे ‘एस२ डब्ल्यू आर२’ अशी अक्षरं दिसली तर आवाज, ओली पकड आणि रोलिंग रेझिस्टन्स या तिन्हींत तो आंतरराष्ट्रीय किमान पातळी ओलांडतो, एवढंच कळतं. इंधनाच्या बाबतीत चढता-उतरता क्रम हवा असेल तर बीईईचे, म्हणजे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे, तारे बघा, फ्रिज-एसीवर असतात तसेच. पण ती योजना ऐच्छिक म्हणून सुरू झाली, सगळ्या टायरवर तारे सापडणार नाहीत. तुम्हाला दिलेल्या मॉडेलवर तारे नाहीत, हे कोटेशन देतानाच सांगितलं होतं.

आता घाट. ओल्या रस्त्यावर धरून ठेवणारं रबर ऊर्जा खातं आणि कमी पेट्रोल खाणारं रबर ऊर्जा वाचवतं, हा जुना पेच. काजळीच्या जागी सिलिका घालून तो बराच सुटला, १९९० च्या दशकापासून. थंड-ओल्या अवस्थेत रबर पकडतं आणि ६० अंशांच्या आसपास तापल्यावर कमी ऊर्जा खातं. पण स्वस्त टायरमध्ये दोन्ही मिळत नाही. युरोपच्या लेबलवर ओल्या पकडीचा ‘ए’ म्हणजे निर्देशांक १.५५ पासून वर, ‘सी’ १.२५ पासून १.३९ पर्यंत. बाकी सगळं सारखं धरलं तर जिथे पहिला ३० मीटरमध्ये थांबेल तिथे दुसऱ्याला ३७ लागू शकतात. त्या सात मीटरमध्ये पुढचा टेम्पो असतो. घाटातून नेहमी ये-जा असेल तर मी स्वतः इंधनाचा एक वर्ग सोडून पकडीचा एक वर्ग वर घेईन. पैशाचा हिशेबही बघा. ४०,००० किमीला १८ च्या ॲव्हरेजने २,२२२ लिटर लागतं. तीन टक्के वाचले तर ६७ लिटर, म्हणजे आजच्या भावाने सात हजारांच्या आसपास, तेही टायरच्या पूर्ण आयुष्यात.

गाडी सरकली त्याला आणखी कारणं आहेत. कोऱ्या टायरवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या द्रव्याचा पातळ थर राहतो, म्हणून पहिले २००-३०० किमी बेताने चालवा असा शिक्का बिलावर असतो. पहिल्या पावसात डांबरावरचं तेल आणि धूळ वर येऊन साबणासारखं होतं. त्यात हवा कमी. आणि कुठल्याही लेबलची ओली चाचणी सरळ रस्त्यावरची असते, वळणात ब्रेक मारल्यावर काय होईल ते ती सांगत नाही.

समर टायरबद्दल एकच: आपल्याकडे कारला मिळणारे जवळजवळ सगळे टायर त्या अर्थाने समरच असतात. तो शब्द जिथे बर्फ पडतो तिथला, डोंगरात हिमकणाचं चिन्ह असलेल्या हिवाळी टायरपासून वेगळं ओळखायला. उन्हासाठी खास टायर म्हणून कुणी जादा पैसे मागितले तर देऊ नका.

पैसे परत करायचं कारण मला दिसत नाही. तपासणी मात्र विनामूल्य करून देतो: हवा, टायर बनल्याचा आठवडा-वर्षाचा बाजूवरचा आकडा तुमच्यासमोर, आणि अलाइनमेंट. पुढच्या चाकांचा टो (चाकं सरळ न राहता किंचित आत किंवा बाहेर वळलेली असणं) बिघडलेला असेल तर कितीही तारे असलेला टायर पेट्रोल खाईल आणि नक्षी एका बाजूने करवतीसारखी होईल. बोट आतून बाहेर आणि बाहेरून आत फिरवून तुम्हीही तपासू शकता. एका दिशेने टोचलं तर टो गेलेला आहे. सकाळी दुकान उघडतानाच या, आणि घर तीन किलोमीटरपेक्षा लांब असेल तर निघण्याआधी घरीच हवा मोजून आकडा लिहून आणा. इथे पोचेपर्यंत टायर तापलेले असतील.