अजिंठा गावातील तटबंदी आणि बारादरीविषयी खुलासा

अजिंठा गावाची तटबंदी आणि बारादरी (बारा दारांची वास्तू) ब्रिटिश लष्करी अधिकारी व चित्रकार रॉबर्ट गिल यांनी त्यांची प्रेयसी पारो हिच्यासाठी बांधली, असा संदेश सध्या फिरत आहे; तो खरा नाही. लेण्यांतील चित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी गिल यांची नेमणूक 1844 मध्ये झाली आणि बारादरीत ते केवळ राहिले. तटबंदी तर त्याहून जुनी आहे, कारण 23 सप्टेंबर 1803 च्या इंग्रज-मराठे यांच्यातील असईच्या लढाईनंतर इंग्रज सेनापती वेलस्लीने आपले जखमी सैनिक याच तटबंद गावात ठेवल्याचे त्याच्या पत्रव्यवहारात नमूद आहे. पारोची समाधी मात्र गावात खरोखरच आहे. तिच्यावर 23 मे 1856 ही मृत्युतिथी कोरलेली असून, ती प्रत्येकाने आदराने पाहावी. चुकीचा संदेश कृपया पुढे पाठवू नये.